रोझेशियासाठी गहू सोडून पाहिला, त्याची नोंद

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी माझ्या गालांवर भिंग धरून ‘रोझेशिया’ (चेहऱ्यावर वारंवार लाली आणणारा त्वचेचा जुनाट आजार) हे नाव उच्चारले, तोवर चेहऱ्यावरच्या लालीला मी दोन वर्षे निरनिराळी नावे देत आले होते: ऊन लागले, पित्त उठले, चाळिशीनंतरचे मुरूम आले. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णात ही लाली गोऱ्या त्वचेवर दिसते तशी ठळक दिसत नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला फारसे काही जाणवत नाही आणि जिच्या गालांची आग होत असते तिलाच ती कळते. मधल्या काळात ओळखीच्या औषध दुकानातून आणलेली एक ट्यूब मी तीन महिने लावली होती. तिने आठ दिवसांत चेहरा स्वच्छ झाला आणि ती थांबवताच दुपटीने बिघडला. डॉक्टरांनी तिचे रिकामे खोके पाहिले आणि त्यावरचे स्टेरॉइडचे नाव मला बोट ठेवून दाखवले. असे मलम चेहऱ्यावर दीर्घकाळ लावले तर ते रोझेशियासारखीच लाली स्वतः निर्माण करते, आणि माझ्या बाबतीत मूळचा आजार व मलमाचे नुकसान अशी दोन्ही खाती एकत्र झाली होती. त्यांनी ती ट्यूब बंद केली, रात्री लावायला मेट्रोनिडाझोलचे जेल दिले, सनस्क्रीन रोजचे केले आणि जेलचा खरा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, हेही सांगितले. हे शेवटचे वाक्य मी तेव्हा नीट ऐकले नाही.

गव्हाचा विषय आला तो न्यू जर्सीत राहणाऱ्या नणंदेकडून. “वहिनी, तुम्ही महिनाभर ग्लुटेन बंद करून बघाच,” असे तिने फोनवर सांगितले. ग्लुटेन म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी पोळी सोडली. मला पोट फुगण्याचा त्रास जुनाच आहे, त्यामुळे पोट आणि चेहरा यांचा संबंध असणार, हे मला लगेच पटले. बाराव्या दिवशी डॉक्टरांना हे अभिमानाने सांगितले, तेव्हा त्या काहीशा नाराज झाल्या. गहू सोडण्याला त्यांचा विरोध नव्हता. तपासणीच्या आधी सोडण्याला होता. सीलिअ‍ॅक आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या आवरणाची हानी होते आणि रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे तयार होतात. गहू बंद केला की ही प्रतिपिंडे उतरू लागतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून सहा आठवडे रोज दोन वेळा गहू खाऊन मगच रक्त द्यायचे, असे ठरले. जे सोडले म्हणून मी सगळ्यांना सांगत होते, तेच औषधासारखे खायची वेळ आली.

या सहा आठवड्यांत मी थोडे वाचन केले. रोझेशिया आणि ग्लुटेन यांच्या ज्या संबंधाचा गाजावाजा होतो, त्यामागे एक खरा अभ्यास आहे. डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत रोझेशियाच्या सुमारे ४९ हजार रुग्णांची तुलना ४३ लाखांहून अधिक सर्वसामान्य लोकांशी केली होती, आणि रोझेशिया असलेल्यांमध्ये सीलिअ‍ॅकचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले. माझे काम लेखापरीक्षणाचे असल्यामुळे ‘दीडपट’ हा शब्द आला की मी आधी ‘कशाच्या?’ असे विचारते. सीलिअ‍ॅक मुळात शंभरात एखाद्याला होणारा आजार आहे. त्याची दीडपट केली तरी रोझेशियाच्या बहुतेक रुग्णांना तो नसतोच. शिवाय त्या पाहणीने दोन आजार एकत्र किती वेळा येतात हे मोजले होते; गहू सोडल्यावर चेहऱ्याचे काय होते, हे मोजलेच नव्हते. ग्लुटेनशी थेट बांधलेला त्वचेचा विकार निराळा आहे. त्याला डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात. त्यात कोपर, गुडघे, कुल्ले यांवर अतिशय खाजणारे फोड येतात आणि तो ग्लुटेन सोडल्याने खरोखरच आटोक्यात येतो. माझ्या गालांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

जानेवारीच्या मध्यावर रक्ततपासणीचा अहवाल आला. टीटीजी-आयजीए, म्हणजे या आजारात वाढणारे ते विशिष्ट प्रतिपिंड, निर्दोष होते. आयजीए या जातीची प्रतिपिंडे शरीरात मुळातच कमी असतील तर अहवाल खोटा निर्दोष येऊ शकतो, पण माझे एकूण आयजीएही पुरेसे होते, म्हणजे निर्दोष अहवाल फसवा नव्हता. वैद्यकीयदृष्ट्या प्रश्न तिथे मिटला होता. तरीही माझे मन मानेना, कारण गहू खाल्लेल्या त्या सहा आठवड्यांत चेहरा आठवड्यातून चार-पाच दिवस पेटत होता. डॉक्टर म्हणाल्या, “करून पाहायचे असेल तर नीट करा. आठ आठवडे बंद, मग पुन्हा सुरू, आणि मधे दुसरे काही बदलू नका.” मी वही घातली. रोज रात्री शून्य ते चार असा जळजळीचा आकडा, दर रविवारी सकाळी आठ वाजता त्याच खिडकीत फोटो, आणि शेरा.

ग्लुटेनशिवाय जगणे मराठी घराला अवघड नाही, असा माझा समज होता. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नाहीच. उपवासाची वरी आणि राजगिराही चालतो. अवघड निघाले ते कोपऱ्यातले गहू शोधणे. थालीपिठाच्या भाजणीत गहू होता, मेतकुटात होता आणि हिंगाच्या डबीवरही बारीक अक्षरांत गव्हाचे पीठ लिहिलेले होते, कारण बाजारातला बांधानी हिंग पिठात मिसळूनच येतो. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की पहिल्या मूठभर पिठात गहू उतरतोच. म्हणून गिरणीवाल्या काकांनी मला सकाळी, गिरणी झाडल्यावर पहिले दळण द्यायचे कबूल केले. सीलिअ‍ॅक नसलेल्या व्यक्तीला इतकी सोवळ्यातली शिस्त लागत नाही, हे मला ठाऊक होते. पण हिशेब घालायचा तर एक रुपयाचाही फरक राहू नये, ही सवय जात नाही.

भाकरी मात्र मला थापता येत नाही. माझी भाकरी तव्यावर टाकताना हमखास मोडते. म्हणून शेजाऱ्यांकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना सकाळी तासभर बोलावले. याआधी रोज साडेसहाला चौदा पोळ्या मीच करत असे. हा बदल मी वहीत लिहिलाही नाही. तो मला आहारातला बदल वाटलाच नाही.

आठ आठवड्यांत चेहरा निवळला. चौथ्या आठवड्यापासून जळजळीचे दिवस दोनवर आले, सहाव्यानंतर एखादाच. नणंदेला फोटो पाठवून झाले. फक्त एक दिवस हिशेबात बसत नव्हता. जानेवारीच्या अखेरीस सासरी सोलापूरकडे शेतावर हुरडा पार्टी होती. गोवऱ्यांच्या आगटीभोवती बसून आम्ही गरम कणसे चोळून हुरडा खाल्ला, सोबत लसणीची चटणी, दही आणि शेंगदाण्याची चटणी. ज्वारीचाच हुरडा, त्या दिवशी गव्हाचा कणही पोटात गेला नव्हता. संध्याकाळी गाल, नाक आणि हनुवटी अशी पेटली की ओला पंचा ठेवून झोपावे लागले. वहीत चार आकडा आहे आणि शेऱ्यात मी ‘ऊन?’ एवढेच लिहिले आहे.

मार्चच्या मध्याला पोळी पुन्हा सुरू केली, रोज चार, शिवाय रविवारी मुद्दाम शिरा. पुण्यात तेव्हा ऊन चढू लागले होते, त्यामुळे चेहरा बिघडला असता तरी दोष गव्हाचा की उन्हाचा, हे सांगता आले नसते. पण तो बिघडलाच नाही. पाच आठवड्यांत तीनच्या वर एकही आकडा नाही. पोळ्या मावशीच करत होत्या.

मे महिन्यात त्या लग्नासाठी गावी गेल्या आणि तवा पुन्हा माझ्याकडे आला. तिसऱ्या दिवशी, दहावी पोळी शेकताना, गालांवर तीच ओळखीची धग चढली. तेव्हा मला वही मागे उलटावीशी वाटली. गव्हाच्या त्या वाईट सहा आठवड्यांत तव्यासमोर मी होते. चांगल्या आठ आठवड्यांत मावशी होत्या. हुरड्याच्या दिवशी मी आगटीला तोंड करून बसले होते. खात्रीसाठी दोन दिवस तांदळाच्या पिठाची घावने केली, म्हणजे ग्लुटेन शून्य, तवा तोच. वीस मिनिटांत चेहरा लाल. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने शेकलेल्या पोळ्या जेवणात खाल्ल्या. काही झाले नाही. उष्णता, ऊन, गरम पेये, तिखट आणि मानसिक ताण ही रोझेशिया भडकवणारी नेहमीची कारणे आहेत, आणि ती पहिल्या भेटीतल्या छापील कागदावर होतीच. शिवाय नोव्हेंबरमध्ये सुरू केलेल्या जेलचे आठ-बारा आठवडे नेमके जानेवारी-फेब्रुवारीत भरत होते. बिस्किट आणि खारी बंद झाल्यामुळे त्यांच्यासोबतचा दुपारचा कडक गरम चहाही सुटला होता, हे तर मला शेवटी लक्षात आले. मधे दुसरे काही बदलायचे नाही, ही एकमेव अट होती आणि गव्हाशिवाय तीन गोष्टी बदलल्या होत्या: तवा, चहा आणि जेलचा परिणाम.

मावशी परत आल्यावर त्यांना हे सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “ताई, मग गव्हाला कशाला नावं ठेवत होता? तव्यापासनं लांब उभं राहा म्हटलं असतं की कुणीबी.”

जूनच्या भेटीत डॉक्टरांनी वही शांतपणे चाळली. पोट फुगण्याचे काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा गहू बंद असताना ते थोडे कमी होते, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. त्याचा विचार पोटविकारतज्ज्ञांकडे स्वतंत्रपणे करू, असे त्या म्हणाल्या. फाइलवर त्यांनी लिहिले: गव्हाचे बंधन नाही, तवा, ऊन, गरम चहा टाळणे, जेल चालू. गेले काही दिवस माझ्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, हे मी जाता जाता म्हटले आणि त्यांनी पेन पुन्हा उघडले, कारण रोझेशिया पापण्यांच्या कडा आणि डोळेही धरतो. नेत्रतज्ज्ञांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे.