कूडलसंगम ते लक्ष्मेश्वर : शरणांच्या आणि जिनांच्या गावांतून

उत्तर कर्नाटकात जाणारा मराठी प्रवासी बहुधा विजापूरचा गोलघुमट आणि बदामीची लेणी पाहून परत फिरतो. आम्ही मात्र या वेळी लिंगायत आणि जैन या दोन परंपरांची ठिकाणे एकाच फेरीत पाहण्याचे ठरवले होते, कारण या मुलखात दोघांचा इतिहास इतका एकमेकांत गुंतलेला आहे की एक वगळून दुसरा नीट कळत नाही. सुरुवात सोलापुरातून करणे सोयीचे तर आहेच, शिवाय योग्यही आहे. सोलापूरचे सिद्धरामेश्वर हे लिंगायत परंपरेचे प्रवर्तक बसवण्णा (बसवेश्वर) यांचे समकालीन होते आणि अल्लमप्रभू व चन्नबसवण्णा यांच्यानंतर कर्नाटकातील कल्याणच्या अनुभवमंटपाचे, म्हणजे शरणांच्या (बसवण्णांच्या मार्गातील शिवभक्तांच्या) चर्चासभेचे, अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, असे परंपरा मानते. सोलापूर-गदग लोहमार्ग विजापूर, बागलकोट आणि बदामीवरून जातो. तथापि कूडलसंगम आणि ऐहोळे रेल्वेवर नसल्यामुळे विजापूरपासून पुढे मोटार असलेली बरी.

कूडलसंगम येथे कृष्णा आणि मलप्रभा एकत्र येतात. बसवण्णांचा जन्म विजापूर जिल्ह्यातील बागेवाडीचा असला तरी त्यांचे अध्ययन येथे झाले, आणि त्यांच्या प्रत्येक वचनाच्या (छोट्या गद्यकाव्याच्या) शेवटी येणारी ‘कूडलसंगमदेव’ ही मुद्रा याच दैवताची आहे. संगमेश्वराचे चालुक्य शैलीतील मंदिर पाहून नदीकडे गेले की ऐक्यमंटप लागतो; बसवण्णा देवाशी एकरूप झाले ती ही जागा मानतात. नारायणपूरच्या बसवसागर धरणाचे पाणी येथवर चढत असल्याने बसवण्णांच्या ऐक्यस्थळाभोवती काँक्रीटची मोठी विहीरच बांधली असून, पुलावरून जाऊन पायऱ्यांनी आत खोल उतरावे लागते. ‘स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही’ असे सांगणाऱ्या माणसाची खूण पाण्यापासून वाचवायला एवढे स्थावर उभारावे लागले, हा विचार पायऱ्या उतरताना मनात आल्यावाचून राहत नाही.

मंदिराच्या ओवरीत एक वृद्ध आजी पूजेला बसल्या होत्या. गळ्यातील चांदीच्या डबीतून त्यांनी काळेभोर इष्टलिंग, म्हणजे लिंगायत अंगावर बाळगतात ते छोटे लिंग, काढले, कपाळाला विभूती लावली, लिंग डाव्या तळहातावर ठेवले आणि मग बराच वेळ त्यावरून नजर हलवली नाही. समोरच्या गाभाऱ्यातल्या घंटेकडे त्यांचे लक्षही नव्हते. अशा वेळी छायाचित्र काढू नये आणि इष्टलिंगाला हात लावण्याची इच्छा तर मुळीच दाखवू नये. ते ज्याचे त्याचे असते. नमस्कारादाखल ‘शरणु शरणार्थी’ म्हटले की मंडळी मोकळेपणाने बोलू लागतात. बोलताना ‘लिंगायत’ आणि ‘वीरशैव’ हे शब्द मात्र जपून वापरावेत. कर्नाटक सरकारने 2018 मध्ये लिंगायतांसाठी स्वतंत्र धर्माच्या दर्जाची शिफारस केल्यापासून हे दोन्ही एकच की वेगळे, हा वाद घराघरांत पोहोचला आहे, आणि पाहुण्याने त्यात बाजू घेण्याचे कारण नाही. दुपारी दासोहातील (अन्नछत्रातील) प्रसाद अवश्य घ्यावा. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे बसवजयंतीला, गर्दी अफाट असते. निवांत पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

ऐहोळ्याला सकाळी लवकर पोहोचावे. मेगुती टेकडीवरील जैन मंदिर रविकीर्तीने शके 556, म्हणजे इसवी सन 634 मध्ये बांधले आणि त्याच्या पूर्वेकडील भिंतीत त्याचा प्रसिद्ध संस्कृत शिलालेख आहे. तिरप्या कोवळ्या उन्हात अक्षरे उठून दिसतात. शिवाय टेकडीवर सावली जवळजवळ नाही, त्यामुळे पाणी सोबत न्यावे. या लेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने हर्षाचा केलेला पराभव आहे, कालिदास आणि भारवी यांची नावे आहेत आणि नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेखही आहे. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचा एवढा मोठा दाखला एका जिनालयाच्या भिंतीवर आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. मेगुतीतील अंबिकेचे देखणे शिल्प खाली गावातील संग्रहालयात ठेवले आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते.

बदामीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्या लेण्यापाशी दमून परतणाऱ्यांना एवढेच सांगणे की चौथे, जैन लेणे चुकवू नये. तेथे वेली अंगावर चढलेला बाहुबली आहे. हातात खाण्याची पिशवी मात्र नको, माकडे ती हिसकावतात.

गदगपासून सुमारे बारा किलोमीटरवर लक्कुंडी आहे. तेथील ब्रह्मजिनालय अत्तिमब्बे या बाईंनी 1007 मध्ये बांधवले. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार ताडपत्री प्रती करवून त्यांनी त्या वाटल्या, म्हणून ‘दानचिंतामणी’ ही पदवी त्यांच्या नावापुढे लागते. सभामंडपातील चतुर्मुख ब्रह्मा आणि पद्मावती यांच्या मूर्ती पाहायला थोडा वेळ द्यावा. बसदीत (जैन मंदिरात) जाताना चामड्याचा पट्टा आणि पाकीट गाडीतच ठेवलेले चांगले.

शेवटचा मुक्काम लक्ष्मेश्वर. जुने नाव पुलिगेरे. पुढे हे गाव मिरजेच्या पटवर्धनांच्या संस्थानात होते. येथील शंखबसदीत एकाच दगडावर हजारावर चिमुकल्या जिनप्रतिमा कोरलेले सहस्रकूट आहे. थोड्याच अंतरावर सोमेश्वराचे मंदिर असून गाभाऱ्यात नंदीवर आरूढ शिवपार्वती आहेत. सौराष्ट्रातून आलेल्या आदय्या नावाच्या व्यापारी शिवभक्ताने जैन बसदीत सोमनाथाची स्थापना केली, अशी कथा हरिहर कवीने सांगितली आहे. दोन्ही परंपरांत सलोखाच होता, असे सांगणारे वाटाडे भेटतात. ते खरे नाही. मात्र स्थानिक लोकांसमोर हे जुने भांडण उकरून काढण्यातही अर्थ नाही, कारण आज दोन्ही ठिकाणी पूजा शांतपणे चालते. दोन्ही मंदिरे सलग पाहावीत, आधी बसदी आणि मग सोमेश्वर, म्हणजे कथेचा क्रम लक्षात राहतो.

जेवणाची चिंता करू नये. या भागात ‘लिंगायत खानावळी’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी असा शुद्ध शाकाहारी बेत असतो. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्या जैन प्रवाशांनी मात्र ताटावर बसण्यापूर्वीच तसे सांगावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परतताना लक्ष्मेश्वराहून हुबळीला बसने यावे. तेथून मिरज-पुण्याकडे रेल्वे मिळते, आणि सुट्टीच्या दिवसांत तिचे आरक्षण निघण्यापूर्वीच करून ठेवावे.