एमी वाइनहाउसच्या मागावर: साउथगेट ते एजवेअर, दोन दिवसांचा फेरा

लंडनला जाणारे बहुतेक जण एमी वाइनहाउसला अर्ध्या तासात उरकतात. कॅम्डन टाउनला उतरायचं, पुतळ्याजवळ फोटो काढायचा, बाजारात काहीतरी खायचं आणि पुढे. पण सोल आणि जॅझ गाणाऱ्या या बाईचं जवळजवळ सगळं आयुष्य उत्तर लंडनच्या एका पट्ट्यात गेलं, आणि तो पट्टा ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, दोन लाइनींवर दोन दिवसांत आरामात बसतो. फक्त क्रम तिच्या आयुष्याचा ठेवा. आधी साउथगेट, मग कॅम्डन, शेवटी एजवेअर. उलटं केलं तर सुरुवातच थडग्यापासून होते, आणि मग जिथेतिथे तिचं मरणच दिसत राहतं.

वार ठरवतानाच पहिली चूक होते. एमी ज्यू कुटुंबातली, आणि तिच्या अस्थी जिथे आहेत ती एजवेअरची दफनभूमी ज्यूंची, त्यामुळे शनिवारी बंद. शुक्रवारी लवकर बंद होते, कारण सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो. कॅम्डनचा बाजार शनिवार-रविवारी इतका भरतो की पुतळ्यासमोर नीट उभंही राहता येत नाही. म्हणून बुधवार-गुरुवार ही जोडी सगळ्यात सोयीची. १४ सप्टेंबर हा तिचा वाढदिवस आणि २३ जुलै ही मृत्यूची तारीख. या दोन्ही दिवशी चाहते जमतात. सप्टेंबरात हवा चांगली असते, पण ज्यू नववर्ष आणि योम किप्पूर हे सण सप्टेंबर-ऑक्टोबरातच येतात आणि त्या दिवशीही दफनभूमीचं फाटक उघडत नाही. निघण्याआधी त्या वर्षीचं ज्यू कॅलेंडर बघून घ्या. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, तेव्हा एजवेअर सकाळीच गाठावं लागतं.

तिकिटासाठी वेगळं काही काढायची गरज नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. भाडं झोनप्रमाणे: साउथगेट झोन ४ मध्ये, कॅम्डन २ मध्ये, गोल्डर्स ग्रीन ३ मध्ये आणि एजवेअर ५ मध्ये. आत जाताना आणि बाहेर पडताना एकच गोष्ट टेकवायची: कार्ड तर कार्डच, फोन तर फोनच. तेच कार्ड फोनमध्ये असलं तरी यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं असतात. मग दोन्हीवर अर्धवट प्रवासाचा जास्तीत जास्त आकार बसतो आणि दिवसाची कमाल मर्यादाही लागू होत नाही. भारतातलं कार्ड असेल तर परकीय चलनाचा अधिभार किती, हे बँकेला आधीच विचारा.

पहिला दिवस

पिकाडिली लाइनने साउथगेट. तिचा जन्म १४ सप्टेंबर १९८३ चा, एन्फिल्डच्या चेस फार्म हॉस्पिटलातला, आणि बालपण या साउथगेटमधलं. स्टेशन स्वतःच बघण्यासारखं आहे. वास्तुकार चार्ल्स होल्डनची ही गोल, बसकी इमारत १९३३ ची. आत सरकत्या जिन्यांच्या मधोमध पितळी रंगाच्या दिव्यांचे जुने खांब अजून उभे आहेत. वर येताना घाई करू नका.

वर आल्यावर मात्र ‘एमीचं’ म्हणून दाखवण्यासारखं फारसं काही नाही, आणि तेच कळण्यासारखं आहे. नीटनेटकी, मध्यमवर्गीय उपनगरी वस्ती, दुकानांची रांग, शाळा सुटल्यावर बससाठी उभी पोरं. ऑसिज प्रायमरी आणि अ‍ॅशमोल या तिच्या शाळा इथल्याच. शाळेच्या फाटकाशी कॅमेरा घेऊन उभं राहू नका. तिथले लोक लगेच हटकतात, आणि ते बरोबरच आहे. इथे तासाभराहून जास्त वेळ लागत नाही.

तो तास कानांना द्या. घरात वडिलांकडची आजी सिंथिया गाणारी होती. एमीच्या कानावर सारा वॉन, डायना वॉशिंग्टन या जॅझ गायिका लहानपणीच पडल्या. पुढे नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्राबरोबर ती गायली तेव्हा वय सोळाच. पहिला अल्बम ‘फ्रँक’ २० ऑक्टोबर २००३ चा. ती वीस वर्षांची होती आणि ही पक्की जॅझ शिकलेली पोरगी आहे हे पहिल्या दोन गाण्यांतच कळतं. ‘स्ट्राँगर दॅन मी’ लावा आणि ड्रमकडे लक्ष ठेवा. शब्द ठोक्यावर पडत नाहीत, किंचित मागे रेंगाळतात, आणि ओळ संपता संपता ती सगळी उधारी एकदम फेडते. ठुमरीत बोल ताणून समेला अलगद येणारी गायिका ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. या गाण्याला २००४ मध्ये आयव्हर नोव्हेलो हा गीतलेखनाचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. आवाज ऐकायचा तर आधी हा अल्बम. ‘बॅक टू ब्लॅक’ हा दुसरा अल्बम आधी ऐकला की ‘फ्रँक’ फिका वाटतो, आणि मग कोणी परत त्याच्याकडे वळत नाही.

साउथगेटहून पिकाडिलीने किंग्ज क्रॉस, तिथे नॉर्दर्न लाइन, मग कॅम्डन टाउन. बदलण्यासकट पाऊण तास धरा. वीकएंडलाच जाणं भाग असेल तर हे लक्षात ठेवा: गर्दीच्या वेळी कॅम्डन टाउनला अनेकदा फक्त बाहेर पडू देतात, आत घेत नाहीत. तेव्हा उत्तरेला चॉक फार्म किंवा दक्षिणेला मॉर्निंग्टन क्रेसेंट गाठायचं. दोन्ही दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहेत.

स्टेशनातून कॅम्डन हाय स्ट्रीटने उत्तरेकडे. खाली पाहत चाला, इथल्या फुटपाथवर संगीतकारांच्या नावांच्या गोल फरश्या बसवल्या आहेत. एमीची २०२० मध्ये बसली. कालव्याचा पूल आणि ‘कॅम्डन लॉक’ रंगवलेला रेल्वेपूल ओलांडला की डावीकडे स्टेबल्स मार्केट. नाव तबेल्याचंच, कारण रेल्वेच्या आणि कालव्यावरच्या मालाच्या घोड्यांची व्यवस्था इथे होती, आजारी घोड्यांचं इस्पितळसुद्धा.

पुतळा या बाजाराच्या आत आहे, रस्त्यावरून दिसत नाही. चॉक फार्म रोडवरच्या फाटकातून आत शिरा आणि कोणत्याही गाळेवाल्याला विचारा. अकराच्या आत पोहोचलात तर बरं, नंतर खाणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. शिल्पकार स्कॉट ईटन. अनावरण १४ सप्टेंबर २०१४ ला, तिच्या एकतिसाव्या वाढदिवशी झालं. आकार खऱ्या माणसाएवढाच, त्यामुळे लोक खांद्यावर हात टाकून फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही तिरके उभे राहा. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने स्कर्टची कड चिमटीत धरलेली, मान वळलेली, आणि एक पाऊल आत वळलेलं. वरून ठसका, खाली अवघडलेपण. स्टेजवर ती नेमकी अशीच उभी राहायची, तिची चित्रीकरणं पाहिलेल्यांना ते पाऊल लगेच ओळखू येतं. केसांत लाल गुलाब, गळ्यात ज्यूंचा सहा टोकांचा तारा. तो मागेन दाविद, म्हणजे भायखळ्याच्या सिनेगॉगला ज्याचं नाव आहे तोच.

समोरच्या बाजूला कॅसलहेवन रोडच्या तोंडाशी हॉली आर्म्स हा तिचा पब. ९ फेब्रुवारी २००८ च्या रात्री बाजाराला लागलेल्या आगीत तो जळाला. दुसऱ्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी. अमेरिकेचा व्हिसा वेळेत न मिळाल्याने ती लंडनच्या स्टुडिओतून उपग्रहावरून गायली. त्या रात्री तिला पाच ग्रॅमी मिळाले, आणि पुरस्कार घेताना तिने कॅम्डनच्या आगीची आठवण काढली. आजचा पब आगीनंतर पुन्हा उभा केलेला आहे, हे माहीत असू द्या. दुसरा पब पार्कवेवरचा डब्लिन कॅसल. तिथे मागच्या खोलीत अजून रोजच्या रोज बँड वाजतात, म्हणून संध्याकाळ तिथेच घालवावी. पबमध्ये टेबलावर बसून वाट पाहू नका, कोणी येत नाही. काउंटरवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. पिणार नसाल तर लाइम-सोडा मागा, कोणी भुवई उंचावत नाही. वय पंचविशीच्या आतलं दिसत असेल तर पासपोर्ट दाखवावा लागतो.

चॉक फार्म रोडने आणखी सातआठ मिनिटं चाललात की राउंडहाउस. १८४७ मधली ही गोल इमारत रेल्वे इंजिनं फिरवण्यासाठी बांधलेली. २० जुलै २०११ ला तिची मानसकन्या डिऑन ब्रॉमफिल्ड इथे गात असताना एमी स्टेजवर आली. लोकांसमोर ती शेवटची. तीन दिवसांनी ती गेली.

गेली ते कॅम्डन स्क्वेअरमधल्या घरी. कॅम्डन रोड स्टेशनापासून दहा मिनिटांवर. घर खासगी आहे, तिथे आता दुसरे लोक राहतात. पायरीवर बसणं, खिडकीचे फोटो काढणं टाळा. चाहते मधल्या बागेच्या कडेच्या झाडांशी फुलं ठेवतात, तेवढं पुरे. आणि एक गैरसमज इथेच सोडून जा: तिच्या रक्तात बंदी असलेली कोणतीही औषधं सापडली नव्हती. सापडली ती दारू, १०० मिलिलिटर रक्तात ४१६ मिलिग्रॅम. तिथे गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ८० ची आहे. काही दिवस अजिबात न पिता नंतर एकदम भरपूर पिणं, हा तिचा शेवटचा काळ. अशा माणसाच्या शरीराची सवय मोडलेली असते, पण प्रमाण मात्र जुन्या सवयीचंच घेतलं जातं. चौकशी दोनदा झाली, कारण पहिल्या अधिकाऱ्याची नेमणूकच नियमबाह्य निघाली. २०१३ मध्ये निष्कर्ष तोच आला.

जुन्या प्रवासपुस्तिका अल्बर्ट स्ट्रीटवरच्या ज्यू म्युझियमला पाठवतात. तिच्या कुटुंबाने दिलेल्या वस्तूंचं प्रदर्शन तिथे भरलं होतं हे खरं, पण ती इमारत २०२३ मध्ये बंद झाली. उगाच पायपीट होईल. भूक लागली असेल तर युस्टनमागची ड्रमंड स्ट्रीट जवळ आहे, भेळपुरी-डोसा तिथे मिळतो.

दुसरा दिवस

सकाळी ‘बॅक टू ब्लॅक’ पूर्ण ऐकून निघा, पस्तीस मिनिटांचंच आहे. २७ ऑक्टोबर २००६ ला आलं. निर्मितीचं निम्मं काम सलाम रेमीचं, निम्मं मार्क रॉन्सनचं. रॉन्सनच्या गाण्यांत मागे डॅप-किंग्ज हा ब्रुकलिनचा बँड आहे, म्हणून तो साठच्या दशकातला, सगळे एका खोलीत बसून वाजवल्यासारखा आवाज येतो. त्यातल्या ‘रिहॅब’ या गाण्याची ओळ तर न्यूयॉर्कमध्ये रॉन्सनबरोबर रस्त्याने चालताना बोलण्याच्या ओघात आली. याचंच गाणं कर, असं त्याने सुचवलं.

वाटेत अ‍ॅबी रोड हा प्रसिद्ध ध्वनिमुद्रण स्टुडिओ करायचा असेल तर ज्युबिली लाइनचं सेंट जॉन्स वुड हे स्टेशन. ‘अ‍ॅबी रोड’ नावाचं डीएलआर या हलक्या रेल्वेचं स्टेशन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वेस्ट हॅमजवळ आहे. नावाला भुलून रोज कोणी ना कोणी तिथे जाऊन उभं राहतं. स्टुडिओत आत जाता येत नाही, बाहेरची भिंत आणि दुकान एवढंच. मार्च २०११ मध्ये अमेरिकन गायक टोनी बेनेटबरोबर ‘बॉडी अँड सोल’ तिने इथे गायलं. ते तिचं शेवटचं ध्वनिमुद्रण. इतक्या वर्षांनी एका जुन्या जॅझ गाण्याशीच ती परत आली. त्या एका गाण्यासाठी या स्टुडिओचा फेरा मला तरी योग्य वाटतो. ‘बॅक टू ब्लॅक’च्या व्हिडिओतली अंत्ययात्रा जिथे चित्रित झाली ती स्टोक न्यूइंग्टनची अ‍ॅबनी पार्क दफनभूमी मात्र या दिवशी वगळा. दिशाच वेगळी आहे.

आता नॉर्दर्न लाइन. कॅम्डन टाउनला ती दुभंगते, एक फाटा एजवेअरला, दुसरा हाय बार्नेटला. गाडीच्या कपाळावरची पाटी वाचल्याशिवाय चढू नका. पुढचं स्टेशन चॉक फार्म आलं तर बरोबर, केंटिश टाउन आलं तर उतरून परत फिरा. वाटेत गोल्डर्स ग्रीन लागतं. २६ जुलै २०११ ला तिचं दहन तिथल्या स्मशानात झालं. पण अस्थी तिथे नाहीत, ही अनेकांची गफलत होते. त्या आजी सिंथियाच्या अस्थींबरोबर २०१२ मध्ये एजवेअरबरी दफनभूमीत ठेवल्या.

एजवेअर स्टेशनजवळच एजवेअरबरी लेन फुटते. तीच धरून उत्तरेकडे अर्धा-पाऊण तास चालायचं. मध्ये ए-४१ हा भरधाव हमरस्ता आडवा येतो, ठरलेल्या जागीच ओलांडा. वाटेत पुढे पुढे दुकानं नाहीत, म्हणून पाणी स्टेशनजवळच घ्या. चालायचं नसेल तर तिथूनच टॅक्सी.

पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी, मफलर, काहीही चालतं. फुलांपेक्षा खडा ठेवायची पद्धत आहे. कोकणातल्या बेने इस्राएल दफनभूमी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तिथली शांतता ओळखीची वाटेल. जागा मोठी आहे, वेगवेगळ्या पंथांचे भाग पाडलेले आहेत. भटकत बसण्यापेक्षा कार्यालयात नाव सांगून विचारा. काळा दगड, त्यावर गुलाबी अक्षरं, आणि एकाच दगडावर आजी नि नात दोघींची नावं. दफनविधी चालू असेल तर दूर थांबा, फोन खिशात. बाहेर पडताना नळावर हात धुवायचे, आपल्याकडे स्मशानातून येताना धुतात तसेच.

परतीला फाट्याची भानगड नाही. एजवेअर हे टोकाचं स्टेशन, तिथून शहराकडे सुटणारी प्रत्येक गाडी कॅम्डन टाउनवरूनच जाते.