हुमल्याचा डोळा की हुमल्याचा जबडा?

उलटी लेन्स लावून काढलेला मुंगीचा फोटो कुणाला दाखवला की एक सल्ला हमखास येतो. "डेप्थ कमी पडतेय रे, अ‍ॅपर्चर अजून बंद कर." डेप्थ म्हणजे फोकसमध्ये लख्ख येणारी जाडी, आणि अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा जितका मोठा, तितकं ते भोक लहान. सल्ला देणारा बहुधा लँडस्केपवाला असतो. त्याचं बरोबरच आहे. एफ/१६ लावलं की त्याला पायाजवळच्या कातळापासून क्षितिजावरच्या गलबतापर्यंत सगळं कसं लख्ख मिळतं. माझ्यासमोर असतो हुमला. हुमले म्हणजे आंब्याची पानं एकमेकांना शिवून घरटं करणाऱ्या त्या लालसर मुंग्या. सिंधुदुर्गात राहणाऱ्याला यापेक्षा जास्त ओळख करून द्यायला नको, प्रत्येकाने कधी ना कधी त्यांचा प्रसाद घेतलेला आहे. हुमल्याचं डोकं जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. त्याच्यापुढे लँडस्केपचं गणित चालत नाही.

माझं सामान साधं आहे. निकॉन डी५३००, एक जुनी २८ मिलिमीटर एफ/२.८ मॅन्युअल निक्कॉर आणि बीआर-२ए नावाची रिंग. रिंगचं एक तोंड कॅमेऱ्याच्या माउंटला बसतं, दुसऱ्या तोंडाला ५२ मिलिमीटरचे आटे असतात. त्यांच्यावर लेन्स पुढच्या बाजूने फिरवून बसवायची. लेन्सचं बूड आता किड्याकडे. किती मोठं दिसतं हे कळायला मिलिमीटरच्या पट्टीचा फोटो काढावा. डी५३००चा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आहे. फोटोत आडवे बारा मिलिमीटर मावले, तर प्रतिमा मूळ वस्तूच्या साधारण दुप्पट. माझ्या २८ची तेवढीच येते. उलटी ५० मिलिमीटर लावली तर एकास एकच्या जवळपास मिळतं.

आता अ‍ॅपर्चरचं. लेन्सवर एफ/८ लिहिलेलं असलं, तरी एवढ्या जवळून काढताना ते एफ/८ राहत नाही. ढोबळ हिशेब असा: लेन्सवरचा आकडा गुणिले (मॅग्निफिकेशन, म्हणजे प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट, अधिक एक). दुप्पट मोठं करताना आठ त्रिक चोवीस, म्हणजे कामाला एफ/२४ येतं. प्रकाश तीन स्टॉपहून (दर स्टॉपला उजेड निम्मा) जास्त गेला आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार झाला, हे सगळ्यांच्या लगेच लक्षात येतं. डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाशाचं पसरणं, मात्र घरी जाऊन स्क्रीनवर बघेपर्यंत कळत नाही. एफ/२४ला प्रकाशाचा प्रत्येक बिंदू पसरून तीन शतांश मिलिमीटरचा ठिपका होतो. या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ०.००४ मिलिमीटरचा, म्हणजे एक ठिपका आठ पिक्सेलांवर पसरला. आता सल्ला ऐकून लेन्स एफ/१६वर नेली, की खरा आकडा ४८ होतो आणि ठिपका सोळा पिक्सेलांचा. हुमल्याच्या डोळ्यातल्या बारीक कप्प्यांची जाळी त्या ठिपक्यात विरून जाते. डेप्थ वाढते, पण वाढलेल्या डेप्थमध्ये बघण्यासारखं काही उरत नाही.

आणि वाढते तरी किती? दुप्पट मॅग्निफिकेशनला एफ/८वर डेप्थ साधारण पाव मिलिमीटर मिळते, एफ/१६वर अर्धा. एवढ्याशा फायद्यासाठी सगळा फोटो मऊ करायचा, हा सौदा मला परवडत नाही. मी ५.६ आणि ८च्या पलीकडे सहसा जात नाही. जास्त डेप्थ हवीच असेल, तर मॅग्निफिकेशन उतरवतो. एकास एकला त्याच एफ/८वर डेप्थ दोन तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास येते. हुमला फ्रेमभर न दिसता अर्ध्या फ्रेममध्ये दिसेल, पानाची शीर दिसेल, शिवणीचा पांढरा धागाही दिसेल. तो धागा हुमल्यांच्या अळ्यांचा असतो. मोठे हुमले अळी तोंडात धरून शिवणयंत्रासारखी पानांच्या कडांवरून फिरवतात. असा फोटो मला नुसत्या डोक्याच्या फोटोपेक्षा बरा वाटतो. फ्रेम भरण्याचा हट्ट कशाला, हे मला कळत नाही.

तरी डोकं काढायचं ठरवलंच, तर पाव मिलिमीटर कुठे खर्च करायचा हे आधी ठरवावं लागतं. सगळी कला इथेच आहे. फोकसमध्ये येतो तो एक पातळ काप, सेन्सरला समांतर. कॅमेरा जसा वळेल तसा काप वळतो. हुमल्याचा चेहरा समोरून बऱ्यापैकी सपाट असतो, वर रुंद आणि खाली जबड्याकडे निमुळता. कॅमेरा जमिनीला समांतर धरला आणि हुमला डोकं किंचित खाली घालून उभा असला, तर काप कपाळातून आत शिरतो: कपाळ लख्ख, डोळे धूसर, जबडा गेलेला. तोच कॅमेरा थोडा वर उचलून खाली झुकवा, चेहऱ्याच्या सपाटीला समांतर आणा. दोन्ही डोळे आणि जबड्याच्या टोकाचे दात एकाच कापात येतात. लेन्स तीच, एफ/८ तोच, फक्त मनगट जरा वळलं. बाजूने काढतानाही हेच करायचं. डोकं, कंबर आणि पोट एका रेषेत, सेन्सर त्या रेषेला समांतर. मिशांपैकी एक कॅमेऱ्याकडे येणार आणि धूसर होणार, होऊ द्यावी. तीन-चतुर्थांश कोन दिसायला छान, पण तिथे दोन्ही डोळे मिळणं विसरा. जवळचा डोळा घ्या, त्या बाजूचा जबडा त्याच कापात बसतो का बघा आणि बाकीचं सोडून द्या.

फोकसची रिंग फिरवून फारसं काही होत नाही. फोकस करायचा तो अख्खा कॅमेरा पुढे-मागे सरकवून. लेन्सच्या बुडापासून किडा थोड्याच सेंटिमीटरवर येतो, कारण निकॉनची लेन्स मुळातच माउंटपासून ४६.५ मिलिमीटर मागे प्रतिमा पाडायला बनवलेली असते. उलटी केली की साधारण तेवढं अंतर तरी पुढे मिळतं. मी डाव्या हाताच्या बोटांत फांदी धरतो आणि त्याच हाताच्या तळव्यावर लेन्स टेकवतो. फांदी हलली की लेन्सही तिच्याबरोबर हलते, आणि वाऱ्याचा अर्धा त्रास संपतो. हुमल्यांच्या बाबतीत या पद्धतीची किंमत मनगटावर मोजावी लागते. शेजारच्या काकीने एकदा कुंपणापलीकडून विचारलं, "काय रे, काय सांडला काय थंय?" "नाय गे काकी, हुमले बघतंय." "बघतंय? चावतले मरे!" चावले, अर्थातच. पण चिडलेला हुमला पळत नाही. जागच्या जागी पुढून उंच होतो, जबडा उघडतो, पोट वर उचलतो आणि तसाच थांबतो. पाव मिलिमीटरच्या कापासाठी याहून चांगला मॉडेल नाही.

अंधाऱ्या व्ह्यूफाइंडरसाठी डोक्याला हेडलॅम्प लावतो. या लेन्सची अ‍ॅपर्चरची रिंग हाताने फिरते, त्यामुळे २.८वर उघडून फोकस करून मग ८ला आणता येतं. मात्र रिंग फिरवताना काप हमखास सरकतो, म्हणून हलत्या किड्यावर मी सरळ ८वरच बघतो. अ‍ॅपर्चरची रिंग नसलेल्या लेन्सेसची गोष्ट वेगळी. निकॉनची जी-सिरीजची किट लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की तिचं अ‍ॅपर्चर जवळजवळ पूर्ण मिटतं. मागची छोटी दांडी हवी तेवढी सरकवून तिथे अगरबत्तीच्या काडीचा तुकडा अडकवतात. तसं केलं तर नेमका कोणता एफ मिळाला हे नजरेच्या अंदाजावर. कॅननवाल्यांची युक्ती जास्त पक्की. कॅमेऱ्यावर असताना एफ/८ लावायचं, डेप्थ प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि दाबलेलं असतानाच लेन्स काढायची. अ‍ॅपर्चरच्या पाकळ्या त्याच जागी राहतात.

उजेड सगळा फ्लॅशचा. एक षोडशांश पॉवरला फ्लॅशचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो, त्यामुळे हाताचा कंप फोटोत येत नाही. पुढे मिठाईच्या डब्यातला बटर पेपर वाकवून लावलाय. उघडा फ्लॅश हुमल्याच्या अंगावर पांढरा डाग पाडतो, आणि तो डाग काप जिथे आहे नेमका तिथेच पडतो.

पाव मिलिमीटरहून जास्त हवंच असेल तर उरतं स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या कापांचे अनेक फोटो जुळवून एक करणं. त्यासाठी मॉडेल झोपलेला पाहिजे. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या, अमेजिला, दिवसभर तुळशीच्या मंजिऱ्यांवर भणभणत असतात. एका जागी थांबणं त्यांना माहीत नाही. संध्याकाळी मात्र त्यांचे नर वाळक्या काडीला जबड्याने घट्ट पकडून लोंबकळत झोपतात. सहा पाय सोडलेले, तोंडाच्या जोरावर अख्खं शरीर तोललेलं. त्या काडीच्या बुडाला कपड्याचा चिमटा लावून आधार द्यायचा आणि माशीला धक्का न लावता एकेक काप घ्यायचा. मिशीच्या टोकापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत चार मिलिमीटर धरले आणि कापावर काप थोडा चढावा म्हणून ०.१५ मिलिमीटरनी पुढे गेलं, तर सत्तावीस-अठ्ठावीस फ्रेम होतात. हाताने एवढं नेमकं कुणालाच जमत नाही. मी हळूहळू पुढे झुकत दुप्पट फ्रेम मारतो आणि चांगल्या निवडतो. किडा फ्रिजमध्ये गारठवून शांतपणे स्टॅक करणारे लोक आहेत. मला ते पटत नाही, आणि त्या फोटोंतले पाय कसे विचित्र दुमडलेले असतात हे एकदा लक्षात आलं की सगळीकडे दिसायला लागतं.

स्टॅक जुळवायला झिरीन किंवा हेलिकॉन, दोन्ही सॉफ्टवेअर चालतात. कटकट होते ती जिथे मिशी डोळ्यावरून आडवी जाते तिथे. मिशीभोवती धुरकट कडा येते, कारण तिच्या मागचा डोळा एकाही फ्रेममध्ये पूर्ण दिसलेला नसतो. ती कडा हाताने, एका फ्रेममधून दुसरीत रंगवत काढावी लागते, आणि त्यात रात्र जाते. सध्या माझ्याकडे असे चार स्टॅक अर्धवट पडून आहेत.