पीटीएसडी आणि एमडीएमए: गोळी तीनदा, बोलणं ४२ तास

पुणे हायवेवरच्या अपघातातून वाचलेल्या माणसाला वर्ष उलटल्यावरही ट्रकचा हॉर्न ऐकून दरदरून घाम फुटतो. यंत्रमागात हात सापडलेला कामगार खटखट कानावर पडली की कारखान्याच्या दारातूनच परततो. घरचे म्हणतात, 'विसर आता.' पण पीटीएसडीत, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजारात, आठवण जुनी होतच नाही. ती घटना आत्ता घडतेय असंच शरीर वागतं.

एमडीएमए, म्हणजे नशेच्या बाजारात 'एक्स्टसी' म्हणून विकलं जाणारं रसायन, या आजारावर वापरल्याच्या बातम्या वाचून वाटतं, एक गोळी घेतली की सुटलो. अमेरिकेतल्या चाचण्यांची पद्धत मात्र बघा. आधी दीड-दीड तासाच्या तीन बैठका, फक्त विश्वास बसावा म्हणून. मग साधारण महिन्याच्या अंतराने आठ-आठ तासांची तीन औषधी सत्रं. पहिल्यात ८० मिलिग्रॅम आणि दीड-दोन तासांनी ४०, पुढच्यांत सहसा १२० आणि ६०. प्रत्येक सत्रानंतर पुन्हा दीड तासाच्या तीन बैठका. बेरीज ४२ तास.

सत्रात माणूस गादीवर आडवा असतो, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत. शेजारी दोन थेरपिस्ट, बराच वेळ गप्प. औषधाने भीतीची पकड सैल होते, म्हणून ज्या आठवणीपासून तो इतकी वर्षं पळत होता तिच्याजवळ थांबता येतं. तिचा अर्थ लावायचं काम नंतरच्या बैठकांत होतं, आणि त्या टाळल्या तर उघडी पडलेली जखम तशीच राहते.

औषधाने रक्तदाब आणि नाडी चढते, त्यामुळे हृदयविकार असेल तर धोका मोठा. नुसतं पाणी घटाघटा प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या चालू असतील तर परिणाम बोथट होतो, पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत. एमएओआय या नैराश्यावरच्याच जुन्या गटातल्या गोळ्यांबरोबर एमडीएमए जिवावर बेतू शकतं.

२०२१च्या चाचणीत औषध गटातले ६७ टक्के लोक पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आले. डमी गोळी आणि तीच थेरपी मिळालेल्यांपैकी ३२ टक्के. मला हा दुसरा आकडा फार मोलाचा वाटतो, कारण तो एमडीएमएशिवाय दिलेल्या थेरपीचा आहे. कुणाला खरी गोळी मिळाली हे बहुतेकांना ओळखता येत होतं, हा या चाचण्यांवरचा मोठा आक्षेप. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरी नाकारून आणखी एक चाचणी करायला सांगितलं. ऑस्ट्रेलियात मात्र जुलै २०२३पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञ ते लिहून देऊ शकतात.

आपल्याकडे एमडीएमए एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. कुणी 'थेरपीची गोळी' म्हणून देऊ केली तर घेऊ नका. तिच्यात काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

सोलापुरात आज काय करता येईल? सिव्हिलच्या किंवा खासगी मनोविकारतज्ज्ञांकडे जा आणि थेट विचारा, 'ट्रॉमासाठी एक्स्पोजर थेरपी (भीतीला पायरीपायरीने सामोरं जाणं) किंवा ईएमडीआर (डोळे ठरावीक पद्धतीने हलवत आठवणीवर काम करणं) कोण देतं?' आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. एक्स्पोजरच्या साधारण ८ ते १५ बैठका होतात. त्या कामगाराला आधी मोबाइलवर मागाचा आवाज ऐकवतात, मग कारखान्याच्या गल्लीत उभं करतात, मग दारात, मग बंद मागाजवळ, शेवटी चालू मागाजवळ. चूक होते ती एकाच जागी: छाती धडधडायला लागली की माणूस निघून जातो आणि भीती आणखी घट्ट बसते. धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, मग अर्धा तास लागो की पाऊण.