मूसाची रात्र गाठायची तर

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर जायचं ठरवलंत, तर आधी तिथल्या मूसा या छोट्या बेटावर जाणाऱ्या रात्रीच्या होडीची जागा पक्की करा आणि बाकीचं सगळं तिच्याभोवती बसवा. मी तसंच केलं. रात्री घरट्याकडे परतणारे समुद्रपक्षी दाखवणारी ही फेरी ठरावीक रात्रीच असते, जागा मोजक्या, आणि वारा वाढला की रद्द होते. म्हणून ती मुक्कामाच्या सुरुवातीलाच घेतली.

शेटलंड स्कॉटलंडचाच भाग असल्यामुळे ब्रिटनचा व्हिसा चालतो. गुहागरहून आलेल्या आईला त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. स्कॉटलंडच्या ॲबर्डीन बंदरातून शेटलंडच्या मुख्य गावाला, लेरविकला, रात्रभराची बोट, साधारण बारा तासांची. तिच्या केबिन उन्हाळ्यात फार लवकर भरतात. आई सोबत असताना खुर्चीत बसून रात्र काढायची माझी तयारी नव्हती, त्यामुळे रद्द झालेली एखादी केबिन मिळते का हे रोज बघत राहिले, आणि मिळाली.

पहिल्या रात्रीची फेरी वाऱ्यामुळे गेलीच. तो वेळ लेरविकमध्ये फिरण्यात गेला. तिथे राजा हॅराल्ड, संत ओलाफ अशा नॉर्वेच्या राजांच्या नावांचे रस्ते आहेत. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने १४६९ मध्ये मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडकडे गहाण टाकली आणि ती कधीच सोडवली गेली नाहीत. ‘हुंड्यात बेटं!’ आईला हे फारच लागलं. दिवसभर तिचं तेच चाललं होतं.

मग होडीत जागा मिळाली. सँडविक गावाहून पाऊणएक मैल पाणी ओलांडलं की मूसा. काठाने चालत ब्रॉखपाशी पोचलो. हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, तेरा मीटर उंचीचा दगडी मनोरा. आपल्याकडे गडगा रचतात तसा चुन्याशिवाय नुसता दगडावर दगड, पण भिंत दुहेरी आणि दोन भिंतींच्या मधून जिना. जूनमध्ये तिथे पुरता काळोख होतच नाही. साडेअकराच्या सुमाराला आईने भिंतीला कान लावला. ‘अगं, ऐक, आत कोणीतरी घुरघुरतंय!’ दगडांच्या फटीत अंड्यावर बसलेले स्टॉर्म पेट्रेल हे छोटे समुद्रपक्षी होते. सलग घुरघुर, मध्येच उचकी. थोड्या वेळाने जोडीदार समुद्रावरून परतू लागले: चिमणीएवढे, जेमतेम २५ ग्रॅमचे, काळे, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. एक माझ्या कानाजवळून गेला. जमिनीवर त्यांना धड चालता येत नाही, दिवसा आले तर गल आणि स्कुआ हे मोठे समुद्रपक्षी त्यांना मारून खातात. म्हणून ही रात्रीची ये-जा. हिवाळा ते आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या समुद्रावर काढतात आणि उन्हाळ्यात परत इथे येतात. मनोरा बांधणारे कधीच गेले, पण वस्ती काही मोडलेली नाही, हे मला तिथे फार जाणवलं. इतिहास संग्रहालयात आणि पक्षी कड्यावर, असं वेगवेगळं बघणाऱ्यांनी ही जागा चुकवू नये.

फ्लॅश वापरायचा नाही. परत येताना बस नसते, तेव्हा गाडी भाड्याने घ्या किंवा सँडविकलाच राहा. दुसऱ्या दिवशी सम्बर्ग हेड या समुद्रकड्यावर जा. दीपगृहाच्या कठड्यापलीकडे हाताच्या अंतरावर पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी बसलेले असतात. रात्रीच्या फेऱ्या मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतच असतात आणि पफिनही ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रावर निघून जातात, त्यामुळे जूनच धरा.