एका तारखेपायी गेलेले दोन दिवस आणि ६१ चा आकडा

जुना अँड्रॉइड प्रोजेक्ट, बऱ्याच दिवसांत कुणी हात लावला नव्हता, त्यात फक्त तारखेचा फॉरमॅट बदलायचा होता. अर्ध्या तासाचं काम म्हणून मीच अंगावर घेतलं.

नवीन लॅपटॉपवर कोड उतरवला, बिल्ड मारला, म्हणजे कोडपासून अ‍ॅप बनवायला घेतलं, तर लाल अक्षरात 'बग! एक्सेप्शन इन फेज सिमँटिक अ‍ॅनालिसिस' आणि त्याखाली 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१'. आता सुरुवातच बग म्हणून केल्यावर माणूस आपल्याच कोडमध्ये शोधणार ना, त्यात बोट बिल्ड डॉट ग्रेडलकडेच दाखवलेलं (ग्रेडल म्हणजे अ‍ॅप बांधून देणारं टूल, ही त्याच्या सूचनांची फाइल), मग ती फाइल ओळ न् ओळ वाचली, कंस मोजले, एक प्लगिन कमेंट करून बघितला, कॅश उडवली, होममधलं डॉट ग्रेडल फोल्डर अख्खं डिलीट केलं आणि सगळं परत डाउनलोड होईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसले. फरक शून्य.

दुपारनंतर कधीतरी त्या ६१ कडे नीट लक्ष गेलं. जावाच्या प्रत्येक क्लास फाइलवर, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलवर, ती कुठल्या व्हर्जनची आहे त्याचा नंबर असतो, त्यातून ४४ वजा केले की जावाचं व्हर्जन निघतं. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. प्रोजेक्टला ठरलेलं ग्रेडल आणून चालवणारा तो रॅपर, त्याच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये डिस्ट्रिब्युशन यूआरएल बघितली तर ग्रेडल ६.७.१, त्याची धाव जावा १५ पर्यंत, आणि लॅपटॉपवर मी हौसेने १७ टाकलेलं. १७ वर चालायला ग्रेडल किमान ७.३ लागतं. म्हणजे सकाळपासून जी फाइल मी पिंजत होते तिचा काही दोषच नव्हता, ग्रेडलच्या पोटातलं ग्रूव्ही (ती फाइल ज्या भाषेत लिहिलेली असते ती) ती कंपाइल करताना जावाचे स्वतःचे क्लास वाचायला जात होतं आणि तिथेच अडकत होतं.

जावा ११ टाकलं, जावा होम (कुठलं जावा वापरायचं ते सांगणारी सेटिंग) बदललं, टर्मिनलवर बिल्ड पास! अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मात्र तोच ६१. डोकं फिरलं अक्षरशः. स्टुडिओ जावा होमला विचारतच नव्हता, तो स्वतःसोबत आलेलं १७ वापरत होता. सेटिंगमध्ये ग्रेडल जेडीके (ग्रेडलने कुठलं जावा वापरायचं) म्हणून वेगळा पर्याय असतो, तिथे ११ दिल्यावर गप्प झाला. तेव्हापासून मी आधी रॅपरलाच व्हर्जन विचारते, त्यात जेव्हीएमची ओळ येते, म्हणजे ग्रेडल कुठल्या जावावर चालतंय ते, टर्मिनलपुरती तीच खरी.

इथे थांबायला हवं होतं खरंतर, पण मला १७ च हवं होतं. दुसऱ्या दिवशी अँड्रॉइडचा ग्रेडल प्लगिन (ग्रेडलला अँड्रॉइड अ‍ॅप बांधायला शिकवणारा) ४.२ वरून ७.४.२ केला, लगेच उत्तर, किमान ग्रेडल ७.५ पाहिजे, तुमचं ६.७.१ आहे. असा एरर असावा, काय हवं ते सरळ सांगतो. रॅपर ७.५ वर नेला तर आता म्हणे 'कंपाइल' नावाची मेथडच, म्हणजे लायब्ऱ्या जोडायचा जुना शब्दच, सापडत नाही, कारण ग्रेडल ७ मध्ये ते काढूनच टाकलंय. सगळीकडे 'इम्प्लिमेंटेशन' करून टाकलं आणि मग अ‍ॅप मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे प्रोजेक्टचा एक भाग) नेटवर्कचे क्लास दिसेनात, जुनं 'कंपाइल' एका मॉड्यूलच्या लायब्ऱ्या पुढच्या मॉड्यूललाही देऊन टाकायचं, 'इम्प्लिमेंटेशन' तसं देत नाही. तेवढी एक ओळ 'एपीआय' केली, जेडीके १७ वर आणला, बिल्ड हिरवा. प्लगिन ८.० च्या नादी लागले नाही, त्यात प्रत्येक मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये नेमस्पेस, म्हणजे पॅकेजचं नाव, लिहावी लागते, ते परत कधीतरी.

तारखेचा बदल एका ओळीचा होता. रिव्ह्यूला पाठवलं तर सहकाऱ्याची पहिलीच कमेंट, तारखेच्या कामात ग्रेडल कशाला बदललंस, माझ्याकडे तर जुनंच व्यवस्थित चालतंय. त्याच्या मशीनवर अजून जावा ११ आहे.