स्क्रूचं टोक

आज दाराची बिजागरी बसवताना सुताराच्या पोऱ्याने स्क्रू सरळ हातोडीने ठोकला. म्हणाला, "टोक आहे ना त्याला, जातोय की!"

जातो, पण धरत नाही. आट्यांनी लाकूड कापत जायला हवं. ठोकल्यावर लाकडाच्या रेषाच तुटतात आणि वर्षभरात बिजागरी हलायला लागते. सागवानात आठ नंबरच्या स्क्रूला आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडावं, आट्यांना साबण लावावा आणि मग पिळावा.

ते टोक मात्र डोक्यातून जाईना. पूर्वी स्क्रू बोथट असायचे, भोक आधी गिरमिटाने पूर्ण पाडावं लागे. टोकदार स्क्रूच्या अमेरिकन पेटंटचे इंग्लंडपुरते हक्क बर्मिंगहॅमचे स्क्रू कारखानदार नेटलफोल्ड यांनी घेतले. त्या धंद्यात चेंबरलेन घराण्याने पैसे घातले आणि १८५४ मध्ये घरातल्या अठरा वर्षांच्या जोसेफला बर्मिंगहॅमला धाडलं. त्याने हिशेब आणि विक्री सांभाळली. फ्रान्सला जाणारा माल तर तिथल्या मेट्रिक मापात!

१८७३ मध्ये तो शहराचा महापौर झाला, पुढच्याच वर्षी धंद्यातून बाहेर पडला. १८७५ मध्ये शहराचा गॅसपुरवठा आणि त्यापाठोपाठ पाणीपुरवठा, दोन्ही त्याने खासगी कंपन्यांकडून नगरपालिकेकडे आणले.

मला सगळ्यात भावतो तो त्याने दोन्हींत केलेला फरक: गॅसमधून नफा काढायचा आणि शहरावर खर्च करायचा, पण पाण्यावर नफा घ्यायचा नाही, कारण तो लोकांच्या आरोग्याचा प्रश्न. हे एका पक्क्या कारखानदाराने ठरवलं.

तुमच्या गावात पाणीपट्टी ठरवताना हा फरक कुणी करतं का?